फादर हेरास, त्यांचे विद्यार्थी आणि चांदरचा नंदी

बारावीचा निकाल लागला की गोव्यात घरोघरी पुढच्या शिक्षणाची चर्चा सुरू होते. मी फोंडा तालुक्यातल्या एका शाळेत इतिहास शिकवते, त्यामुळे जुने विद्यार्थी आणि त्यांचे आईवडील सल्ला विचारायला येत असतात. यंदा एका माजी विद्यार्थिनीचे वडील आले होते. मुलीच्या मनात मुंबईचे सेंट झेवियर्स कॉलेज होते आणि त्यांनी मोबाईलवर त्या कॉलेजच्या नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी काढून ठेवली होती. "बाई, सुनील गावसकर इथलेच, झाकीर हुसेन इथलेच, शबाना आझमी आणि फारूख शेखसुद्धा. म्हणजे कॉलेज चांगलंच असणार ना?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

कॉलेज चांगलेच आहे, हे मी त्यांना सांगितले. परंतु त्या यादीवरून ते ठरवता येत नाही, असे माझे फार दिवसांपासूनचे मत आहे. गावसकरांनी फलंदाजी मैदानावर घडवली आणि झाकीर हुसेन यांना तबला उस्ताद अल्लारखाँ या त्यांच्या वडिलांनी दिला. कॉलेजाने त्यांना काही दिलेच नाही असे कोणी म्हणणार नाही, पण त्यांची कीर्ती ज्या गोष्टीवर उभी आहे ती त्या वर्गात शिकवली जात नव्हती. एखाद्या शिक्षणसंस्थेचे खरे मोल पाहायचे असेल, तर तिथे कोणी शिकवले, त्या शिक्षकाने कोणाला कोणत्या वाटेला लावले आणि त्या वाटेवरून चालणाऱ्याने पुढे काय केले, ही साखळी पाहावी लागते. झेवियर्सच्या बाबतीत ही साखळी दोन-तीन ठिकाणी थेट आपल्या गोव्यात येऊन पोहोचते आणि आपल्याकडे तिची पुरेशी ओळख नाही, म्हणून हे लिहीत आहे.

आधी गोवेकर तिथे का जात, हे सांगायला हवे. पोर्तुगीज काळात गोव्यात वैद्यकीय शिक्षणाची सोय 1842 पासून होती आणि पणजीचे लिसेव, म्हणजे पोर्तुगीज माध्यमिक विद्यालय, 1854 मध्ये सुरू झाले होते, परंतु कला किंवा विज्ञान शाखेची पदवी देणारे कॉलेज मात्र मुक्तीपर्यंत नव्हते. पणजीचे धेंपे आणि मडगावचे चौगुले ही दोन्ही कॉलेजे 1962 मधली. त्यापूर्वी ज्याला इंग्रजीतून पदवी घ्यायची असे, त्याला मुंबई, पुणे, बेळगाव किंवा धारवाड गाठावे लागे. मुंबईत धोबी तलावाच्या परिसरात ख्रिस्ती गोवेकरांच्या कूडी होत्या. कूड म्हणजे एकेका गावच्या माणसांनी मिळून चालवलेली राहण्याची जागा. हिंदू गोवेकर बहुधा गिरगावात नातेवाइकांकडे उतरत आणि 1919 मध्ये स्थापन झालेल्या गोवा हिंदू असोसिएशनचा त्यांना आधार असे. जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघातल्या जर्मन फादरांनी 1869 मध्ये सुरू केलेले सेंट झेवियर्स हे या दोन्ही वस्त्यांपासून पायी जाण्याच्या अंतरावर होते. ते कॅथलिक धर्मगुरूंनी चालवलेले खासगी कॉलेज असले, तरी पदवी मुंबई विद्यापीठाची असे आणि सर्व धर्मांचे विद्यार्थी तिथे एकाच बाकावर बसत.

या कॉलेजातला इतिहास विभाग ज्या माणसाने घडवला, ते फादर हेन्री हेरास. जन्म 1888, गाव बार्सिलोना. ते मुंबईला आले यामागे पहिले महायुद्ध आहे. मुंबईतले जेझुइट प्रामुख्याने जर्मन होते. युद्ध पेटताच ब्रिटिश सरकारच्या दृष्टीने ते शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले, त्यांना नजरकैदेत ठेवण्यात आले आणि पुढे मायदेशी पाठवण्यात आले. युद्धानंतर मुंबईचे काम स्पॅनिश जेझुइटांकडे सोपवले गेले आणि त्या तुकडीतून 1922 मध्ये हेरास भारतात आले. त्यांच्याविषयी अशी आठवण सांगितली जाते, की कोणता इतिहास शिकवणार असे विचारल्यावर त्यांनी भारताचा इतिहास निवडला आणि तो आपल्याला ठाऊक नाही, तेव्हा आधी शिकेन आणि मग शिकवेन, असे सांगितले. ही आठवण शब्दशः खरी असो वा नसो, पुढची वर्षे तिला साजेशीच गेली. आल्यापासून पाच वर्षांच्या आत विजयनगरच्या आरवीडू घराण्यावरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ 1927 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या आदल्याच वर्षी, 1926 मध्ये, त्यांनी कॉलेजात भारतीय इतिहासाच्या संशोधनासाठी स्वतंत्र संस्था सुरू केली होती.

त्या संस्थेची रीत मला फार मोलाची वाटते. विद्यार्थ्याने दुसऱ्याच्या पुस्तकातून उतारे काढून प्रबंध रचायचा नाही. मूळ शिलालेख, ताम्रपट, नाणी, मंदिरांचे अवशेष यांच्याकडे स्वतः जायचे. यासाठी हेरासांनी नाणी, मूर्ती, हस्तलिखिते आणि पुस्तके यांचा संग्रह कॉलेजातच उभा केला. आज आपण शाळेतल्या मुलांना 'साधने' हा धडा पाठ करायला लावतो आणि साधन मात्र एकदाही दाखवत नाही. हेरास साधन आधी हातात देत.

आता चांदर. कुशावती नदीच्या काठी, सासष्टी तालुक्यात असलेल्या या गावाला लोक मेनेझिस ब्रागांझांचा भव्य वाडा पाहायला जातात. त्याच गावात एका बाजूला जुन्या कोटाची जागा आहे आणि तिथे पुरातत्त्व खात्याने राखलेल्या आवारात एका शिवमंदिराचा पाया आणि एक नंदी आहे. नंदीला डोके नाही. बैठक मारलेले भरदार अंग, दुमडलेले पाय, पाठीची गोलाई हे सगळे नीट ओळखता येते आणि जिथे मान वर उचललेली असायला हवी तिथे फक्त दगडाची खरबरीत फूट आहे. या जागेचे उत्खनन 1929 मध्ये फादर हेरासांनी केले. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात, मुंबईहून आलेल्या एका स्पॅनिश पाद्रीने शिवमंदिराचा पाया मोकळा केला आणि हे गाव म्हणजे गोव्याची प्राचीन राजधानी चंद्रपूर, हे जमिनीतल्या पुराव्यानिशी पुढे मांडायला सुरुवात केली. गोव्यातल्या पोर्तुगीजपूर्व अवशेषांवरचा त्यांचा लेख 1932 मध्ये प्रसिद्ध झाला. आमच्या फोंडा तालुक्यातल्या शिरोड्याला सापडलेला भोज घराण्यातल्या देवराज राजाचा ताम्रपट याच चंद्रपुराहून दिलेला आहे. म्हणजे या गावाची राजधानी म्हणून ओळख पुढे गोव्यावर राज्य करणाऱ्या कदंब घराण्याच्याही कितीतरी शतके आधीची आहे.

या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते. सासष्टी हा तालुका सोळाव्या शतकात धर्मप्रसारासाठी जेझुइटांकडेच सोपवलेला होता. 1567 मध्ये रायतूर किल्ल्याच्या पोर्तुगीज कप्तानाने सासष्टीतली देवळे पाडली, 1583 मध्ये कुंकळ्ळीचे प्रकरण, म्हणजे गावकऱ्यांनी जेझुइट फादरांना ठार मारल्याची घटना, घडले, आणि या सगळ्या इतिहासात जेझुइटांचे नाव येते. आमच्या फोंड्यातल्या कितीतरी देवळांतले देव त्याच काळात सासष्टी, तिसवाडी आणि बारदेशातून रातोरात नदी ओलांडून आलेले आहेत. तेव्हा जेझुइट आणि गोव्यातली देवळे हे शब्द एकत्र आले की आमच्याकडच्या घरांत जी आठवण जागी होते, ती काही उगाच नाही. ती पुसावी असे मी कधीच म्हणणार नाही. मात्र त्याच संघाचा एक फादर साडेतीनशेहून अधिक वर्षांनी त्याच तालुक्यात येतो आणि मंदिर शोधण्यासाठी जमीन खणतो, हेही तितक्याच ठळकपणे सांगितले पाहिजे. माझ्या वर्गात दोन्ही समाजांची मुले असतात. 1567 शिकवताना वर्गात जी एक अवघड शांतता पसरते, ती मला दरवर्षी जाणवते. त्यानंतर 1929 शिकवले की मुले प्रश्न विचारू लागतात.

हेरासांचे विद्यार्थी जॉर्ज मोराएस यांचे 'कदंब कुल' हे इंग्रजी पुस्तक 1931 मध्ये, हेरासांच्या प्रस्तावनेसह, संस्थेच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. बनवासीचे कदंब, हानगलचे कदंब आणि गोव्याचे कदंब या तिन्ही शाखांचा सलग इतिहास शिलालेखांच्या आधारे मांडणारे हे पुस्तक आहे. त्याची प्रत हातात घेऊन पहिल्यांदा वाचायला बसले, तेव्हा मला सर्वांत जास्त खिळवून ठेवले ते त्यातल्या गोव्याच्या प्रकरणांनी. षष्ठदेव आणि जयकेशी हे राजे, अकराव्या शतकात चंद्रपुराहून गोपकपट्टणला हललेली राजधानी, समुद्रावरचा व्यापार हे सगळे एखाद्या दंतकथेसारखे न येता लेखाचा पुरावा देऊन येते. त्रिलोचन कदंबाची कथा, म्हणजे शंकराच्या घामाचा थेंब कदंबाच्या झाडाखाली पडला आणि त्यातून मूळ पुरुष जन्मला ही कथा, लेखक कथा म्हणूनच नोंदवतो आणि पुढे जातो. शिवचित्त पेर्माडी या कदंब राजाच्या सोन्याच्या नाण्यांवर सिंहाची आकृती आणि श्रीसप्तकोटीश्वराच्या वरप्रसादाचा उल्लेख आढळतो. तोच सप्तकोटीश्वर, ज्याचे दिवाडीवरचे देऊळ पाडल्यावर लिंग नार्व्याला नेले गेले आणि 1668 मध्ये शिवाजी महाराजांनी ज्याचे देऊळ पुन्हा बांधवले. नार्व्याला दर्शनाला जाणाऱ्या माणसाला त्या नाण्याची गोष्ट ठाऊक असावी, असे मला मनापासून वाटते.

त्यानंतरच्या संशोधकांनी या पुस्तकातल्या काही कालनिश्चिती आणि वंशावळी सुधारल्या आहेत, आणि नव्वद वर्षांहून जुन्या ग्रंथाच्या बाबतीत ते स्वाभाविकच आहे. पण गोव्याचा इतिहास 1510 मध्ये आफोन्सो द आल्बुकर्क आल्यापासून सुरू होतो अशी समजूत ज्या काळात शाळांतून रुजवली जात होती, त्या काळात एका ख्रिस्ती संशोधकाने कॅथलिक कॉलेजातून हा ग्रंथ लिहिला, ही गोष्ट साधी नव्हे. आज कदंब हे नाव गोव्यात लहान मुलालाही ठाऊक आहे, कारण 1980 मध्ये स्थापन झालेल्या राज्याच्या परिवहन महामंडळाला तेच नाव दिले गेले. कदंबात बसून रोज पणजीला जाणाऱ्या किती जणांना हे घराण्याचे नाव आहे हे ठाऊक आहे, असा प्रश्न मी वर्गात विचारते. हात वर येतात, पण थोडेच.

मराठी वाचकांना या साखळीतले एक नाव फार जवळचे वाटेल. दुर्गाबाई भागवत झेवियर्सच्या विद्यार्थिनी. बौद्ध भिक्षूंच्या संघाचे नियम, म्हणजे विनयपिटकातला कायदा, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता आणि तो अभ्यास 1939 मध्ये हेरासांच्या संस्थेच्याच ग्रंथमालेत इंग्रजीतून पुस्तकरूपाने आला. कॅथलिक फादरांच्या संस्थेने एका मराठी ब्राह्मण मुलीचे बौद्ध कायद्यावरचे संशोधन छापावे, याचे मला आजही अप्रूप वाटते. 1975 च्या कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध निर्भयपणे बोलणाऱ्या दुर्गाबाई आपल्याला आठवतात, आणि आठवायलाच हव्यात. परंतु त्यांच्या लेखनात मूळ साधनापर्यंत जाण्याचा जो हट्ट सतत दिसतो, तो पाहताना मला त्या ग्रंथमालेची आठवण होते. हे माझे वाचकाचे मत आहे. त्यांच्या स्वभावात तो हट्ट जन्मजातही असेल.

हेरासांच्या सर्वच मतांना काळाने मान्यता दिली असे नाही. सिंधू लिपी द्राविड भाषेची आहे असे मानून त्यांनी तिचे वाचन केले आणि 1953 मध्ये त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ते वाचन आज स्वीकारले जात नाही. तरीही त्या विषयावर काम करणाऱ्यांना त्यांचा उल्लेख टाळता येत नाही. 1955 मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. 1981 मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.

गोव्याशी त्यांचा आणखी एक धागा आहे आणि तो चित्रकलेचा. सांतईस्तेव बेटावर 1902 मध्ये जन्मलेले आंजेलु द फोन्सेका हे झेवियर्सचे विद्यार्थी नव्हेत. ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि पुढे बंगालमध्ये अवनींद्रनाथ टागोरांच्या प्रभावाखाली शिकले. ख्रिस्ती विषय भारतीय शैलीत रंगवावेत, या त्यांच्या ध्यासाला हेरासांनी भक्कम पाठिंबा दिला. साडी नेसलेली मारिया पाहून गोव्यातल्या तेव्हाच्या समाजाला धक्का बसला आणि फोन्सेकांना गोवा सोडून पुण्याला राहावे लागले. तिथेच 1967 मध्ये ते वारले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. ही संस्थाही जेझुइटांचीच. ज्यांना शक्य असेल त्यांनी ती चित्रे अवश्य पाहावीत. मारियेच्या कपाळावरचे कुंकू आणि पदराची घडी इतकी आपल्या घरातली वाटते, की चित्र ख्रिस्ती आहे की हिंदू हा प्रश्न काही क्षण मनात येतच नाही.

इतिहासावर मी जास्त लिहिले, कारण तो माझा विषय आहे. वनस्पतिशास्त्रात झेवियर्सची परंपरा याहून जुनी आहे. फादर एथेलबर्ट ब्लॅटर हे स्विस असल्यामुळे महायुद्धाच्या काळातही मुंबईत राहू शकले. त्यांच्या नावाचा ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवून, दाबून, नोंद करून ठेवलेल्या वनस्पतींचा संग्रह, आजही कॉलेजात आहे आणि पश्चिम घाटाच्या वनस्पतींवर काम करणाऱ्याला तिथे जावेच लागते. याच ब्लॅटरांनी ब्रह्मदेशातून परतलेल्या एका तरुणाची खरी आवड ओळखली. तो तरुण सकाळी दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेब शिकत होता. ब्लॅटरांच्या आग्रहावरून तो झेवियर्समध्ये प्राणिशास्त्राच्या वर्गाला बसू लागला. त्या तरुणाचे नाव सालिम अली. रायबंदरहून फेरीबोटीने चोडणला उतरले की समोरच कांदळवनातले पक्षी अभयारण्य आहे, त्याला सालिम अलींचेच नाव दिलेले आहे. जेमतेम 178 हेक्टरांचे हे अभयारण्य पाहायला शाळांच्या सहली जातात; मुले बगळे आणि खंड्या पाहतात, फळीवरचे नाव वाचतात आणि परततात. त्या नावामागे हिशेबाच्या वहीतून एका मुलाला बाहेर काढणारा एक शिक्षक आहे, हे सहलीला नेणाऱ्या शिक्षकांनी सांगावे, एवढीच माझी विनंती आहे. ब्लॅटरांनंतरच्या पिढीत फादर हर्मेनेगिल्ड संतापाव यांनी खंडाळा आणि पुरंदरच्या वनस्पतींवर काम केले, भारतीय वनस्पती सर्वेक्षण या सरकारी संस्थेचे संचालकपद सांभाळले आणि 1967 मध्ये पद्मश्री मिळवली.

गोव्यातून तिथे गेलेल्यांपैकी सर्वांना माहीत असलेले नाव म्हणजे लोटलीचे मारिओ मिरांडा. त्यांनी झेवियर्समधून पदवी घेतली ती इतिहासाची. त्यांची चित्रे पाहताना मला हे नेहमी आठवते, कारण गावच्या चर्चचे फेस्त असो, बाजार असो किंवा तिंट्यावरच्या गप्पा असोत, त्यांनी माणसांचे कपडे, घरांची नळ्यांची छपरे, बाल्कांव (घरापुढची बसण्याची जागा) आणि कोपऱ्यातले कुत्रे यांची जी नोंद ठेवली आहे, तिच्यावरून पुढच्या काळात कोणीही विसाव्या शतकातल्या गोव्याचा अभ्यास करू शकेल.

आणि शेवटी बाणावलीचे फादर जॉन कोरैया-अफोन्सो. गोव्याचे जेझुइट, इतिहासकार, झेवियर्सचे प्राचार्य आणि हेरासांच्या संस्थेचे संचालक. जेझुइटांनी भारतातून युरोपला पाठवलेली पत्रे ही भारतीय इतिहासाची साधने म्हणून कशी वाचावीत, त्यांतले काय विश्वसनीय आणि काय प्रचारी, यावरचे त्यांचे पुस्तक 1955 मध्ये आले. स्वतःच्याच संघाच्या कागदपत्रांकडे इतक्या चिकित्सक नजरेने पाहणारा अभ्यास आपल्याकडे विरळा. अकबराच्या दरबारातल्या जेझुइटांची पत्रे वाचायची असतील, तर त्या अभ्यासाला वळसा घालून जाता येत नाही.

त्या विद्यार्थिनीच्या वडिलांना मी एवढे सगळे एका बैठकीत सांगू शकले नाही. मात्र प्रवेश घेताना कॉलेजची चकचकीत यादी बाजूला ठेवून सध्या इतिहास विभागात कोण शिकवते, ते कशावर संशोधन करतात, पदवीच्या विद्यार्थ्यांना हेरास संस्थेच्या ग्रंथालयात बसू देतात का आणि मुलांना उत्खननाच्या जागी किंवा अभिलेखागारात नेतात का, हे प्रश्न लेखी विचारून घ्या, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी मोबाईलवरची यादी बंद केली, माझ्याकडून कागद मागून घेतला आणि हे प्रश्न एकाखाली एक लिहून नेले. कॉलेजकडून उत्तर आले की ते मला कळवणार आहेत.